बिगारीचा रोज

नोकरीतला पहिला स्लॅब. नकाशा उघडून मी उभा, शेजारी मुकादम, समोर सळ्या बांधायला बसलेला फिटर. नकाशात होतं तसं मी वाचून दाखवलं, "टेन एमएम, वन फिफ्टी सेंटर टू सेंटर." फिटरने माझ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे पाहिलं. मुकादम तंबाखू मळता मळता म्हणाला, "तीन सूत रे. सहा-सहा इंचावर." फिटर खाली वाकला आणि काम सुरू झालं.

हुकूम कुणाचा झाला? वहीत माझा. फिटरच्या हातापर्यंत पोचला तो मात्र मुकादमाचा. बांधकामावर माणूस किती मोठा हे त्याच्या पगारावरून कळतं तसंच त्याला कोणती भाषा येते आणि कोणती वळवता येते यावरूनही कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून साईटवरचे शब्द टिपून ठेवायची खोड लागली. काँक्रिटच्या क्यूबचे निकाल मी विसरलो, शब्द राहिले.

सुतापासूनच सुरुवात करू. दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा. त्यानंतर नकाशे मिलिमीटरमध्ये गेले, सिमेंटचं पोतं ५० किलोचं झालं, पण सळई अजून सुतानेच ओळखली जाते. आठ सूत म्हणजे एक इंच. त्या हिशेबाने तीन सूत साडेनऊ मिलिमीटर भरतात आणि दहाची सळी त्याच नावावर खपते. आठची अडीच सूत, बाराची चार, सोळाची पाच. वाळू-खडी अजून ब्रासने येते, शंभर घनफुटांचा एक ब्रास. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये एक मोजणी चालते, खाली खड्ड्यात दुसरी, आणि दोन्ही येणारा माणूस मधे उभा असतो. त्याला काढून टाकायची कुणाची छाती होत नाही.

सूत म्हणजे सूत्र, दोरा. रंगात भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे टिचकी मारली की लाकडावर सरळ रेघ उमटते. ती दोरी ज्याच्या हातात, काय कापायचं आणि कुठे कापायचं हे तो ठरवणार. संस्कृतात त्याला सूत्रधार म्हणत. बोलण्यात झिजत झिजत त्याचाच आपला सुतार झाला. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी वास्तुविद्येवर ग्रंथ लिहिणारा मंडन होता. त्याच्या नावाला लागलेली पदवी सूत्रधार हीच. नाटकातला सूत्रधार मानाने रंगमंचावर राहिला, इमारतीतला मात्र दारं-खिडक्यांपुरता उरला.

आता आर्किटेक्ट या शब्दाकडे पाहा. ग्रीक भाषेत 'आर्खी' म्हणजे मुख्य आणि 'टेक्टोन' म्हणजे सुतार. हा टेक्टोन आणि संस्कृतातला तक्षन् एकाच घरातले. म्हणजे आर्किटेक्ट हा शब्दाने मुख्य सुतार, आणि आपला सुतार हा शब्दाने सूत्रधार. एका साईटवर मी ही जोडी समोरासमोर पाहिली आहे. मुख्य सुतार वातानुकूलित खोलीत लॅपटॉपसमोर बसलेले, आणि सूत्रधार दाराबाहेर चप्पल काढून, काखेत प्लायचा नमुना घेऊन पाऊण तास उभा. आत बोलावलं तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारला गेला, "कधी होणार?"

इंजिनिअरला आपण अभियंता केलं. संस्कृतातला यन्तृ म्हणजे आवरणारा, लगाम धरणारा, सारथी. शब्द घडवणाऱ्यांनी विचार चांगला केला होता. पण हा शब्द पाटीवर आणि बदलीच्या हुकमात भेटतो. "अहो अभियंता" अशी हाक मी तरी कुठे ऐकली नाही. साईटवर इंजिनिअर म्हणजे साहेब.

साहेब या शब्दाची गंमत अशी की अरबीत साहिब म्हणजे सोबती. पैगंबरांच्या सोबत्यांना सहाबा म्हणतात, तो त्याच मुळाचा शब्द. सोबती या अर्थावरून 'एखादी गोष्ट ज्याच्याजवळ आहे तो' असा अर्थ आला, त्यावरून धनी आला आणि धन्यावरून आपला साहेब. खांद्याला खांदा लावून चालणारा माणूस शतकांच्या प्रवासात इतका पुढे निघून गेला की आता तो जीपमधून उतरल्यावर बाकीचे उठून उभे राहतात.

पण साहेब म्हटलं म्हणजे सत्ता दिली असं समजणारा इंजिनिअर लवकरच फसतो. मला साहेब म्हणणारा मुकादम माझ्या वडिलांच्या वयाचा होता. "तुम्ही म्हणाल तसं, साहेब" असं तो म्हणाला की काम त्याच्या मनासारखं होणार हे मी दोन महिन्यांत शिकलो. "मागल्या साईटवर असंच केलं होतं" याचा अर्थ तुम्ही नवे आहात. "बघून घेतो" याचा अर्थ आता तुम्ही जा. आणि "होऊन जाईल" याला तर अर्थच नाही, तो नुसता श्वास आहे.

मराठी क्रियापद या बाबतीत फार सोयीचं आहे, कर्ता अलगद बाजूला ठेवता येतो. प्लंबिंगचा पाइप चुकीच्या जागी आला, भिंत फोडावी लागणार. साहेब म्हणतो, "हे तोडायचंय." मुकादम म्हणतो, "तुटून जाईल." दोन्ही वाक्यं बिनचूक मराठी आहेत, आणि दुपारच्या उन्हात छिन्नी-हातोडा घेऊन जो ती भिंत तोडणार तो दोन्ही वाक्यांत नाही. चुकीचंही तसंच. "क्युअरिंग राहून गेलं." कुणाकडून राहिलं? पाण्याकडून, बहुधा.

कर्ता सापडतो तो फक्त लेखी. म्हणून तोंडी बोलणं आणि वहीत लिहिणं यांतला फरक साईटवर जितका कळतो तितका साहित्य संमेलनातही कळत नसेल. एकदा एका वरिष्ठांनी मला फोनवर सांगितलं, जिन्याचा लँडिंग चार इंच खाली घ्या. मी घेतला. ठेकेदाराच्या बिलात जादा काम आलं तेव्हा ते म्हणाले, मी असं बोललोच नव्हतो. मी वही उघडून दाखवावी, तर वहीत काही नाही. सरकारी कामात मोजमाप पुस्तक असतं, त्याला सगळे एम.बी. म्हणतात. एम.बी.त जे चढलं नाही ते जमिनीवर उभं असलं तरी पैशाच्या लेखी झालेलंच नाही. "एम.बी. भरली का?" या तीन शब्दांत ठेकेदाराचा सगळा विनय मावलेला असतो.

ठेकेदारालाही गावोगावी नावं वेगळी. पश्चिमेकडे कंत्राटदार, मराठवाड्यात गुत्तेदार. गुत्तेदारातला गुत्ता कन्नड-तेलुगूच्या शेजारातून आला. कानडीत कंत्राटदाराला आजही गुत्तिगेदार म्हणतात.

मुकादम हा अरबी मुकद्दम. क-द-म हे मूळ, अर्थ पुढे असणं. पाऊल या अर्थाचा कदम त्याच मुळाचा, कोर्टातला मुकद्दमाही त्याचाच आणि इब्न खल्दूनच्या प्रसिद्ध ग्रंथाचं नाव मुकद्दिमा, म्हणजे प्रस्तावना, तेही त्याचंच. मुकादम म्हणजे पुढे केलेला माणूस. जुन्या मराठी कागदांत मोकदम हा गावचा पाटील असतो. सरकारला वसूल हवा असला की त्याला पुढे करत, आणि गावाला सूट हवी असली की गावही त्यालाच पुढे करी. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आणि बांधकामावरचा मुकादम हे दोघे त्या पाटलाचे वारस, फक्त वतन गेलेले. पुढे असल्यामुळे धक्का दोन्हीकडून बसतो. आणि मधे जे काही येतं ते आधी त्याच्या हाताला लागतं, हा त्या जागेचा फायदा.

मिस्त्रीची वाट वेगळी, तो समुद्रमार्गे आला. पोर्तुगीज 'मेश्त्र' म्हणजे उस्ताद. पोर्तुगीज गोव्यात, चौलला, वसईला बांधत होते, वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. दोन शतकं चर्च आणि तट बांधताना इथल्या कारागिरांनी तो शब्द उचलला. तळकोकणात मेस्त्री हे सुतारांचं आडनाव होऊन बसलं. मेश्त्रच्या मागे लॅटिनमधला 'मागिस्तेर' उभा आहे, म्हणजे शाळेतले मास्तर आणि नावाआधीचा मिस्टर हे मिस्त्रीचे भाऊबंद. या मागिस्तेरच्या पोटात 'अधिक' या अर्थाचा शब्द आहे. त्याचा जोडीदार 'मिनिस्तेर', त्याच्या पोटात 'उणा' या अर्थाचा. त्यावरून इंग्रजीतला मिनिस्टर आला. व्युत्पत्तीच्या दरबारात मिस्त्री वरच्या आसनावर आणि मंत्री चाकर. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर हे उलटं कोरलेलं असतं.

त्याच जहाजातून घमेलं उतरलं. पोर्तुगीज 'गामेला' म्हणजे लाकडी द्रोणी. पगारही तिथलाच, पैसे चुकते करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. गिलावा मात्र फारसी. गिल म्हणजे चिखल आणि आब म्हणजे पाणी. काटकोन तपासायचा गुण्या फारसीतून आला, पण फारसीने तो ग्रीकांकडून घेतला, तिथे 'गोनिया' म्हणजे कोन. भूमितीच्या पुस्तकातल्या पॉलिगॉनचं शेपूट तेच. ओळंबा आपला घरचा, अवलंबातून आलेला. आणि वीट त्याहून जुनी. यज्ञाची वेदी जिने रचली जाई ती इष्टका. माल, म्हणजे कालवलेलं काँक्रिट, हा अरबी शब्द आणि मूळ अर्थ संपत्ती. माल आणि मालक एका कुळातले वाटतात, पण अरबीत त्यांची मुळं निराळी आहेत. माल उचलणाऱ्याला हे निराळेपण वेगळं सांगावं लागत नाही.

आता ज्या शब्दासाठी हे सगळं लिहायला बसलो, त्याकडे येतो.

साईटवर सकाळी हजेरी घेताना मोजणी अशी होते: दोन मिस्त्री, तीन बिगारी, दोन बाया. बिगारी म्हणजे माल कालवणारा, विटा देणारा, घमेलं उचलणारा. हाताखालचा माणूस. आपण हा शब्द इतका सहज वापरतो की त्यात काय भरलं आहे ते दिसत नाही. फारसीत बेगार म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं काम. संस्कृतात याला विष्टी म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आहे आणि तिचीच मराठीत वेठ झाली. 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार आपण संपावर गेलेल्या लोकांबद्दल वापरतो, हा एक विनोदच. सरदाराचं सामान पुढच्या गावापर्यंत वाहून न्यायचं, किल्ल्यावर दगड चढवायचा, साहेबाची शिकार हाकायची, आणि संध्याकाळी हात हलवत घरी यायचं, ती वेठ. तीच बिगार.

याच्या बरोबर उलट शब्द मजूर. फारसीत मुज्द म्हणजे मजुरी, त्यावरून मुज्दूर, म्हणजे ज्याला कामाचे पैसे मिळतात तो. भाषेत दोन वेगळे खण होते, एकात पैसे मिळणारा आणि दुसऱ्यात न मिळणारा. बांधकामावर आपण पैसे घेणाऱ्या माणसाला दुसऱ्या खणातलं नाव दिलं आणि कुणाला काही खटकलं नाही. बिगारीला रोज मिळतो, आणि 'बिगारीचा रोज' हा शब्दप्रयोग व्युत्पत्तीने पाहिला तर 'फुकट राबणाऱ्याची मजुरी' असा होतो.

शब्द जुना अर्थ टाकतात, त्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हणत असे. मग १९८२ सालचा एक निकाल वाचनात आला.

त्या वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा व्हायच्या होत्या. स्टेडियमं, उड्डाणपूल, वसतिगृहं यांची घाई चालली होती. तिथल्या बांधकाम मजुरांच्या स्थितीबद्दल पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. ठेकेदार मजुरांचे पैसे जमादारांच्या हातात देत आणि जमादार माणशी रोज एक रुपया आपला म्हणून ठेवून घेत. मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे. जुन्या कारभारात असल्या रुपयाला दस्तुरी म्हणत. दस्तूर म्हणजे रीत, आणि रीतच म्हटल्यावर तिला चोरी कोण म्हणणार?

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदात बेगारीला मनाई आहे. इंग्रजी संहितेतही तो शब्द तसाच ठेवलेला आहे. आता न्यायालयाला अर्थ ठरवायचा होता. पैसे दिले, पण किमान वेतनापेक्षा कमी दिले, तर ती बेगार किंवा तिच्यासारखी सक्तीची मजुरी होते का? न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी बेगार शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी जी पुस्तकं उघडली त्यांत मोल्सवर्थ होता. आपला मोल्सवर्थ, मराठी-इंग्रजी कोशवाला, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. मराठी मुलखात फिरून, पंडितांना बरोबर घेऊन जमवलेल्या शब्दांपैकी एक दीडशे वर्षांनी दिल्लीतल्या घमेलं वाहणाऱ्या माणसाच्या रुपयासाठी साक्षीला उभा राहिला. कोशकाराचं यापेक्षा मोठं भाग्य मला सुचत नाही.

न्यायालयाने म्हटलं, ती सक्तीची मजुरी आहे. पोट रिकामं असलं आणि दुसरा मार्ग नसला की माणूस कमी पैशावरही राबतो, आणि ही लाचारी बंदुकीइतकीच सक्तीची असते. म्हणजे त्या एका रुपयाने मजुराचा बिगारी केला होता. शब्दाने जुना अर्थ टाकला नव्हता, तो कोपऱ्यात ठेवून दिला होता.

त्या निकालानंतर मी आमच्या साईटवरच्या पैशाच्या शब्दांकडे पाहायला लागलो. पगार हा शब्द तिथे माझ्यापुरता आणि स्टोअरकीपरपुरता होता. मुकादमाच्या माणसांना मिळे ती खर्ची, आठवड्याला तेल-मीठ-पिठापुरती. हंगामाआधी घेतलेली ती उचल. हिशेब दिवाळीला किंवा गावी जाताना. खर्ची, उचल, हिशेब, या तिन्ही शब्दांत देणारा उदार दिसतो. पगार म्हटलं की तो देणं लागतो. शब्द बदलला की देणेकरी बदलतो, इतकी साधी गोष्ट मला पंधरा वर्षं ध्यानात आली नव्हती.

बायकांसाठी तर शब्दच नाहीत. गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको, सुतारीण सुताराची. त्या कामाच्या नावाने उभ्या राहिलेल्या बाईला मराठीने जागा ठेवलेली नाही. परांचीवर घमेलं चढवणारी वीस वर्षं चढवते आणि शेवटपर्यंत 'बाई' राहते. बिगारी पुढे गवंडी होऊ शकतो, थापी हातात येते, 'ए' चं 'अहो मिस्त्री' होतं. बाईच्या वाटेत ती पायरी नाही. विदर्भाकडे तिला रेजा म्हणतात. फारसीत रेजा म्हणजे बारीक तुकडा, कण. चिल्लरीला रेजगारी म्हणतात, त्यातला रेजा हाच.

शिकलेल्या मुलीही याच्या बाहेर नाहीत. आमच्याकडे एक तरुण इंजिनिअर आली. हुशार, नकाशा माझ्यापेक्षा पटकन वाचणारी. तिने बीमच्या कव्हरबद्दल हरकत घेतली तर मुकादम अदबीने म्हणाला, "मॅडम, एकदा साहेबांना विचारून घ्या." साहेब म्हणजे मी, आणि हरकत तिची बरोबर होती. तिने मला काही विचारलं नाही. तिथेच वही उघडून तारीख घालून तीन ओळी लिहिल्या आणि मुकादमासमोर सहीसाठी धरल्या. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. ती सहा महिन्यांत शिकली ते शिकायला मला लँडिंगची चार इंचं लागली होती.

अलीकडे बिगारी शब्द मागे पडतो आहे. कामावर झारखंडची, बंगालची, बिहारची पोरं आली, साईटची बोली हिंदी झाली आणि बिगारीच्या जागी हेल्पर आला. मराठीत याला मदतनीस म्हणता येईल. त्यातला 'नीस' चिटणीस-फडणिसांच्या शेपटातला, म्हणजे लिहिणारा. मदत लिहिणारा. अंगठा उठवणाऱ्या माणसाला हे नाव देताना आपल्या जिभेला काही वाटत नाही.

बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा कायदा १९९६ चा. त्याखालच्या कल्याण मंडळाकडे नाव नोंदवायचं तर मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या साईटवरचा एकजण तो घ्यायला माझ्याकडे आला. मी लेटरहेड काढलं, नाव, गाव, दिवस लिहिले आणि कामाचं स्वरूप म्हणून सवयीने 'बिगारी' लिहिलं. त्याला मराठी वाचता येत होतं.

"साहेब, हेल्पर लिहा की."

मी दुसरा कागद घेतला आणि हेल्पर लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला. त्याने तो दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि विचारलं, "पण रोज किती पडतो, ते कुठं लिहिलंय?"

मी लिहिलं नव्हतं.